नऊ ओळी आणि एक ‘का?’

मी एक जुनी दुरुस्ती आहे. हसू नका, मित्रांनो! छत्रीला, सायकलला, घड्याळाला आपली गोष्ट सांगता येते, मग मलाच का येऊ नये? मला लाकूड नाही की लोखंड नाही. मी म्हणजे कोडच्या नऊ ओळी. पण वाट पाहण्यात माझा हात धरणारं कुणी सापडायचं नाही.

माझा जन्म आर्णीजवळच्या एका तांड्यात, बबिताच्या जुन्या लॅपटॉपवर झाला. बबिता कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. आईला, म्हणजे मानीबाईला, ती ‘याडी’ म्हणते. घरात दोघी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलतात, पण तुमच्यासाठी मी ते वऱ्हाडीत सांगते.

गेल्या भादव्यात मानीबाई सहा बायांसोबत कपाशी निंदत होती. तिच्या फोनमध्ये ‘गडगड’ नावाचं मोफत ॲप होतं. वीज पडायची शक्यता असली की ते आधीच भोंगा वाजवतं. पण तांड्यात लाईटचा भरवसा नाही, म्हणून मानीबाई फोन कायम बॅटरी बचतीवर ठेवायची, आणि बचत चालू असली की गडगड मुकं व्हायचं. त्या दुपारी इशारा आला, पडद्यावर उमटला, पण वाजला नाही. बांधावरच्या पळसावर वीज कोसळली आणि खाली बांधलेली शेळी जागच्या जागी गेली. बाया तिथून चाळीस पावलांवर होत्या.

घरी बबितानं फोन पाहिला. इशारा अकरा मिनिटं आधी आला होता!

“याडी, तुले काहीच ऐकू नाही आलं?”

“वाजलंच नाही तं काय ऐकू?” मानीबाई म्हणाली.

बबिता आईला धरून खूप रडली. मग डोळे पुसून लॅपटॉप उघडून बसली.

गडगडचा कोड कुणी कुलपात ठेवलेला नाही. तो सगळ्यांना उघडा आहे. कुणीही त्याची प्रत घ्यावी, चूक शोधावी, दुरुस्त करावी आणि ‘ही मूळ कोडात घ्या’ अशी विनंती पाठवावी. बबितानं प्रत उतरवली, मूळ कोडाला धक्का नको म्हणून आपली वेगळी शाखा काढली आणि चार दिवस खपून मला लिहिलं. बचत असो वा नसो, इशारा आला की भोंगा वाजलाच पाहिजे, एवढंच माझं काम. नुसतं मला मानीबाईच्या फोनवर बसवून भागत नव्हतं, कारण खरे इशारे फक्त मूळ ॲपला येतात. मला त्यात घेतलं जाणं भागच होतं.

पाठवताना मात्र तिनं घाई केली. ‘बॅटरी बचतीत आवाज बंद राहतो, तो सुरू केला,’ एवढंच लिहिलं. पळस नाही, शेळी नाही, आई नाही.

मी आलेल्या विनंत्यांच्या रांगेत जाऊन बसले. गडगडच्या प्रकल्पाची राखण नयन नावाचे गुवाहाटीचे एक गृहस्थ करतात, तेही आपली नोकरी सांभाळून, फुकट. आठव्या दिवशी त्यांचं इंग्रजीत उत्तर आलं, ‘हे का केलं? आणि चाचणी कुठे आहे?’ बस्स! ना नमस्कार, ना चमत्कार.

बबिताचे कान तापले. तिच्या तांड्याच्या बैठकीत नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, जेव्हा कुणाला “काहून केलं?” असं विचारतो, तेव्हा त्याचा गुन्हा ठरलेलाच असतो. लहान्यानं अशा वेळी मान खाली घालायची, उलट बोलायचं नाही. बबितानंही तेच केलं. तिनं लॅपटॉप मिटला, आणि मी अंधारात राहिले.

दिवाळी गेली, कापसाची वेचणी झाली. मला कुणी उघडलं नाही, वाचलं नाही. खूप एकटं वाटायचं हो! शेजारी तीन वर्षांची एक दुरुस्ती होती. तिला लिहिणारा कधीच परतला नव्हता. तरी ती म्हणायची, “येईल गं, कामात असेल.” जानेवारीत प्रकल्पात एक आपोआप चालणारा झाडूवाला नेमला गेला. जिच्यावर फार दिवस कुणी बोललं नाही, तिला तो चौदा दिवसांची चिठ्ठी लावतो आणि मग रांगेतून काढतो. फेब्रुवारीत तो शेजारणीला घेऊन गेला. त्यानंतर माझ्याशी बोलणारं कुणीच उरलं नाही.

एप्रिलमध्ये चिठ्ठी मला लागली. बबितालाही ती पोहोचली. तिनं वाचली आणि लॅपटॉप पुन्हा मिटला. एक, दोन, दहा, बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी दुपारी मानीबाई शेतातून सरपणासाठी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या आणायला निघाली. पश्चिमेला आभाळ काळं झालं होतं.

“नोको जाऊ, याडी! तुया फोन अजून वाजत नाही.”

“अजून? तू तं दिवाळीच्या आधीच काही केलतं ना?”

मग बबितानं सगळं सांगितलं. मानीबाई दारातच खाली बसली.

“अवं येडे, नायक ‘काहून’ म्हणते ते त्याले सगळं ठाऊक असते म्हणून. ह्या बिचाऱ्याले काय ठाऊक? त्यानं आपला पळस पाह्यला का? तो तं नुसता इचारून राह्यला. सांग ना त्याले!”

बबिता लगेच उठली. खोटा इशारा पाठवून भोंगा वाजतो का ते तपासणारी चाचणी तिनं लिहिली. मग पळस लिहिला, शेळी लिहिली, सात बाया लिहिल्या, अकरा मिनिटं लिहिली. मानीबाई त्या दिवशी सरपणाला गेली नाही.

संध्याकाळीच नयन यांचं उत्तर आलं. ‘सहा महिने याच उत्तराची वाट पाहत होतो. वाटलं, तुम्ही सोडून गेलात. मीही नीट विचारायला हवं होतं. आमच्या चहाच्या मळ्यातल्या बायाही फोन असाच ठेवतात.’ त्यांनी माझी एक ओळ सुधारायला सांगितली, बबितानं सुधारली, आणि मी मूळ कोडात मिसळले, ॲपच्या नव्या आवृत्तीतून मानीबाईच्या फोनातही पोचले.

मित्रांनो, आता मी लाखभर ओळींत नऊ ओळी आहे. माझ्याकडे बोट दाखवून ‘ती बघा’ असं कुणी म्हणत नाही. एकटेपणा तसा गेलेला नाही. शेजारणीची आठवण येते. तिला लिहिणाऱ्यालाही कुणी काही विचारलं होतं का, कोण जाणे! म्हणून माझं एवढं ऐका. कुणी ‘का?’ विचारलं तर मान खाली घालू नका, कारण सांगा. आणि विचारणाऱ्यांनो, आधी नमस्कार म्हणा. रांगेत कुणीतरी ताटकळत असतं.

जुलैत एका दुपारी आभाळ भरून आलं आणि मी गळा फाडून ओरडले. मानीबाई खुरपं टाकून उठली. सातही बाया शाळेच्या इमारतीकडे धावत सुटल्या. धावता धावता मानीबाईनं कमरेचा फोन दाबून धरला आणि खेकसली, “आली ना वं, आली! कायले एवढी बोंबलून राह्यली?”

ती फोनवर खेकसली, हे मला कळतं. पण त्या घरातलं कुणी पहिल्यांदाच माझ्याशी बोललं होतं. मी आणखी जोरात ओरडले.