आदल्या दिवशीचा घास

तोमोएच्या घरच्या जेवणाचं आमंत्रण कधी पक्कं नसायचं. "शुक्रवारी दुपारी या," असं म्हणायची आणि लगेच पुढे, "पण सकाळी माझा फोन आला तरच निघा." निघा म्हणजे काय, तर एक जिना चढा. कुवेतमधल्या फहाहीलच्या त्या इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि ती बरोबर आमच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर. पहिल्या वर्षी मला याचा असा राग आला होता! बोलवायचं तर नीट बोलवावं. आम्ही घरी कुकर लावायचा की नाही लावायचा?

विजयने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला गप्प केलं. तोमोएचे यजमान निशिमुरा हे रिफायनरीच्या प्रकल्पावर त्याचे साहेब. साहेबांच्या बायकोवर रागवायचं नसतं, एवढी अक्कल मला पुण्याहून निघतानाच देण्यात आली होती. पण पुढे राग धरायची वेळच आली नाही, कारण ती बाई मला आवडून गेली. तिला माझ्याइतकंच इंग्रजी येत होतं, म्हणजे कामापुरतं. त्यामुळे आम्हा दोघींना एकमेकींशी फारसं खोटं बोलता यायचं नाही.

तिच्या आईचं जपानमधल्या डोंगरात रियोकान होतं. सहा खोल्यांचं जुनं लाकडी घर. उतरायला येणाऱ्यांना गरम झऱ्याची आंघोळ आणि आईच्या हातचं जेवण. त्यात विकतचं फारसं काही नसे. वसंतात रानातले कोंब, राखेच्या पाण्यात कडूपणा काढलेली नेच्याची कोवळी पानं. शरदात अळंब्या. पुढचे चार महिने बर्फ, तेव्हा वाळवलेलं आणि खारवलेलं. माणसं म्हणे आठ-आठ तास प्रवास करून हे खायला यायची. मी तिला सांगितलं, आमच्याकडे त्र्यंबकच्या रस्त्याला पावसाळ्यात बायका रानभाज्यांचे वाटे लावून बसतात आणि लोक गाडीतून न उतरता घासाघीस करतात. ती तोंडावर हात धरून खूप हसली.

दर नोव्हेंबरात आई वाळवलेल्या अळंब्यांचं एक पार्सल कुवेतला पाठवायची. ते कस्टममधून, म्हणजे तिथल्या जुमरुकमधून, सोडवून आणायचं काम कंपनीच्या इद्रीसभाईंचं. रत्नागिरीचा माणूस, मिष्कील. "वहिनी, त्या जुमरुकवाल्यानं हुंगून हुंगून बघितलं," असं मला जिन्यात सांगायचे. "म्हणतो, ही लाकडं माणसं खातात?"

फोन आला तरच निघा, यामागचं कारण तोमोएनं मला दुसऱ्या वर्षी सांगितलं. रियोकानचा नियम होता. रानातलं काहीही पाहुण्याच्या पानात वाढण्याआधी घरच्या माणसानं ते आदल्या दिवशी खायचं. रात्र जाऊ द्यायची. सकाळी ते माणूस धड उठलं, तर पाहुण्यांना वाढायचं. "रान चुकत नाही, माणूस चुकतो," ती म्हणाली. "आणि चाखणाऱ्यानं निवडायचं नसतं. पाहुण्याला जसं मिळणार, तसंच त्यानं खायचं."

मी म्हटलं, आमच्याकडे उलटं. देवाला दाखवायच्या आधी मी आमटीचं मीठसुद्धा चाखत नाही. यावरही ती हसली. पण मला काही ते हसण्यासारखं वाटलं नव्हतं. तिच्या स्वयंपाकघरात रियोकानमधून आणलेला एक जुना रंगीत तक्ता होता. त्यात दोन अळंब्या शेजारी शेजारी काढलेल्या, जुळ्या बहिणी म्हणाव्यात अशा. उभ्या चिरल्या की एकीचा देठ आतून पांढरा, दुसरीच्या देठात काळा डाग. त्या दुसरीखाली लाल अक्षरं होती. ती वाचता आली नाहीत तरी कळत होती.

आई तेव्हा एक्याऐंशी वर्षांची होती आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत पडदा आला होता.

हे मला तोमोएनं सांगितलं नाही, पार्सलांनी सांगितलं. सत्त्याण्णव साली अळंब्यांत एक झाडाची साल आणि शर्टाचं बटण निघालं. अठ्ठ्याण्णवच्या पार्सलावरचा पत्ता कागदाच्या कडेबाहेर घसरत गेलेला. आत दोऱ्याचा गुंता, चिमटीभर माती. मी तिथल्या तिथे म्हटलं, "आईला सांगत का नाहीस, आता पुरे म्हणून?"

"रानात गेली नाही तर ती मरेल."

"आणि हे खाऊन तू मेलीस तर?"

"म्हणून तर मी खाते," ती म्हणाली. इतक्या शांतपणे म्हणाली, की मला तिला धरून हलवावंसं वाटलं. हिला आईपुढे जीव जड झालाय, एवढाच अर्थ मी लावला.

त्या वर्षी जेवण डिसेंबरच्या अठरा तारखेला ठरलं होतं. सोळाच्या रात्री बगदादवर बॉम्ब पडायला लागले. सतराला सकाळपासून इमारतीतले सगळे काचांवर चिकटपट्ट्या लावत होते. विजय पाण्याची खोकी वर आणत होता आणि आमची दहा वर्षांची जुईली "ममा, इज इट गोइंग टू बी लाइक नाइन्टी?" असं तिसऱ्यांदा विचारत होती. मला वाटलं, जेवण रद्द होणार. देवा, रद्द होऊ दे, असंही वाटलं. तर दुपारी तोमोएचाच फोन. जपानी बायकांना वकिलातीत सूचना द्यायला बोलावलंय, तासाभरासाठी जाते आहे, वर येऊन बसशील का?

मी गेले. ओट्यावर परातीत त्या अळंब्या पसरलेल्या होत्या. बूट घालता घालता तिनं सांगितलं, "चार वाजता सगळ्या पाण्यात घाल. सगळ्या. आणखी काही करू नकोस."

आता, माझ्यापुढे परात ठेवायची आणि काही करू नकोस म्हणायचं! लहानपणापासून तांदूळ, डाळ, शेंगदाणे, जे समोर येईल ते निवडत मी मोठी झाले. बोटं आपली आपण चालतात. रेडिओवर बातम्या लागल्या होत्या, मी त्या ऐकत होते आणि बोटं चाळत होती. माती बाजूला. काडी बाजूला. मग एक जाडसर तुकडा हाताला लागला आणि त्याच्या देठात मला काळं दिसलं.

 मी तो तुकडा तक्त्याजवळ नेला. खिडकीच्या उजेडात धरला. मग खाली बसून सगळी परात एकेक करून बघितली. तसे तीन निघाले.

तिला दाखवायचे का? दाखवले तर ती म्हणणार, चाखणाऱ्यानं निवडायचं नसतं, आणि ते तीन परत त्यातच टाकणार. मी तिला ओळखत होते. संध्याकाळी एकटी बसून ती हे खाणार होती. त्याहूनही, उद्या जुईली खाणार होती. मी फार विचार केला नाही. टिश्यूत गुंडाळून तिन्ही तुकडे संडासात टाकले आणि साखळी ओढली. मेले तरंगून वर आले. तीनदा ओढावी लागली. मग चार वाजता उरलेल्या सगळ्या अगदी सांगितल्याप्रमाणे पाण्यात घातल्या, आणि ती आली तेव्हा तिच्याकडे बघून हसले.

शुक्रवारी सकाळी फोन वाजला. "या," ती म्हणाली. मी रिसीव्हर ठेवला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आजवर इतक्या लोकांच्या भानगडीत नाक खुपसलं, पण एकदा तरी त्यानं कुणाचा जीव वाचला होता.

जेवण सुरेख झालं. अळंब्यांचा भात, सूप. विजय आणि निशिमुरा साहेब क्षेपणास्त्रांबद्दल बोलत राहिले, जुईलीनं दोन वाट्या भात खाल्ला. पानं उचलली आणि तोमोए पॅसेजमधल्या फोनकडे गेली. जपानला लावला. फोनवर बोलताना ती वाकून वाकून नमस्कार करत होती. परत आली ती उजळलेल्या चेहऱ्यानं.

"आईला सांगितलं, मी खाल्लं, सगळे बरे आहेत," ती म्हणाली. "आता ती बरणी उघडेल."

"कसली बरणी?"

"मला पाठवून उरलेल्या. मोठी बरणी असते. नववर्षाला सगळ्या खोल्या भरतात." ती कप विसळत होती. "आईला डॉक्टरांनी अळंबी बंद केलीय, मूत्रपिंडामुळे. घरचं दुसरं कुणी उरलं नाही. म्हणून गेली चार वर्षं मी इथून खाते. मला काही झालं तर ती बरणी फेकून देईल."

नळ वाहत होता. मी कप पुसत होते. तो कप मी किती वेळ पुसला, माहीत नाही. मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. पुढे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं की नीटसं कळलं नव्हतं. ते खोटं आहे.

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण ती इतकी आनंदात होती, आणि साहेब बाहेर बसले होते, आणि मी तिच्या आईच्या अळंब्या संडासात टाकल्या होत्या. उद्या सांगू, एकटी असताना सांगू, असं म्हणत मी जिना उतरले. नववर्षाला अजून तेरा दिवस होते.

शनिवारी सकाळी वर गेले तर दाराला कुलूप. युद्ध वाढेल म्हणून कंपनीनं जपानी कुटुंबांना पहाटेच्या विमानानं दुबईला हलवलं होतं. मी विजयला सगळं सांगितलं. म्हटलं, साहेबांकडून तिचा नंबर घे.

विजय माझ्याकडे बघतच राहिला. "काय सांगू साहेबांना? तुमच्या सासूबाईंच्या अळंब्यांत माझ्या बायकोनं हात घातला म्हणून? कौमुदी, तीन तुकडे होते. काढून टाकलेस. संपलं. बरणीत असतीलच कशावरून?"

आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. कुणीतरी नको म्हणालं होतं. एरवी नवऱ्याचं ऐकणारी मी नव्हे, त्या दिवशी अगदी आज्ञाधारक बायको झाले.

चार दिवसांत बॉम्ब थांबले. लोकांनी काचांवरच्या पट्ट्या काढल्या, त्यांचे चिकट डाग राहिले. रमजान सुरू झाला. मी रोज तारीख बघायचे. पंचवीस, सव्वीस. दोनदा निशिमुरा साहेब जिन्यात भेटले, दोनदा मी हवेबद्दल बोलले. एकतीसला जुईली आणि विजय टीव्हीपुढे बसले होते आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून जपानमध्ये आत्ता किती वाजले असतील ते मोजत होते. तिकडे नवं वर्ष लागूनही गेलं होतं.

जानेवारीच्या मध्यावर तोमोए परत आली. दुबईहून नाही, जपानहून. दार उघडलं तर ती काळ्या कपड्यांत उभी. आत आली, चपला सारख्या लावल्या आणि एकदम गुडघ्यांवर बसून आमच्या फरशीला कपाळ टेकवलं.

"माफ कर," ती म्हणाली. "तुझ्या मुलीला मी ते खाऊ घातलं. मला माहीत नव्हतं."

मी तिला उठवायला लागले. ती उठेना. तशीच, फरशीकडे बघत तिनं सांगितलं. एकतीसच्या जेवणात अकरा पाहुणे होते. नऊ जण आजारी पडले. बर्फानं रस्ता बंद, दवाखान्याची गाडी यायला सहा तास लागले. शहात्तर वर्षांची एक बाई गेली. वीस वर्षं दर नववर्षाला नवऱ्याबरोबर यायची. रियोकानला सील लागलं. आई एका खोलीत भिंतीकडे तोंड करून बसते.

"आई एकच विचारते," तोमोए म्हणाली. आता तिनं मान वर केली. "तू खरंच खाल्लं होतंस का? म्हणते, तुला भीती वाटली, तू खाल्लं नाहीस आणि मला खाल्लं म्हणून सांगितलंस. मी शपथा घेतल्या. तिचा विश्वास बसत नाही. आणि मलाही कळत नाही, मी तेच खाल्लं. मला काही कसं झालं नाही?"

तेव्हा मी सांगितलं. उभ्या उभ्या, तिच्याकडे न बघता. परात, काळा डाग, टिश्यू.

तिनं दोन्ही तळवे फरशीवर टेकले.

"किती होते?"

"तीन."

"तीन," तिनं मनाशी हिशेब केल्यासारखं म्हटलं. "मला दोन दिवस उलट्या झाल्या असत्या. मी त्रेचाळीस वर्षांची आहे. तेवढंच झालं असतं."

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं. मग उठून आमच्या फोनपाशी गेली आणि म्हणाली, "तू माझा जीव वाचवायला केलंस. ते मला कळतं. आता हे आईला सांग. मी तिला शब्द न् शब्द सांगत जाईन. आपली मुलगी खोटं बोलली नाही, एवढं तिला कळायला हवं."

तिनं नंबर फिरवला. पुष्कळ वेळ वाजल्यावर तिकडे कुणीतरी उचललं. तोमोए थोडं बोलली, मग माझ्याकडे वळून मान हलवली.

मी सांगितलं, तुमच्या मुलीनं खाल्लं होतं. तिनं ते जपानीत सांगितलं. मी सांगितलं, वाईट तुकडे मी काढून टाकले, तिला न विचारता. तिनं तेही सांगितलं. तिकडून बारीक, चिरका आवाज आला. एकच प्रश्न होता.

"आई विचारते," तोमोए म्हणाली, "त्या बाईला बरणीचं कधी कळलं?"

 एक खोटा शब्द तर पुरला असता. पण समोर ती उभी होती, आणि आम्हा दोघींना खोटं बोलण्याइतकं इंग्रजी येत नव्हतं.

"शुक्रवारी," मी म्हटलं. "तू कप विसळत होतीस तेव्हा."

तोमोएनं ते आईला सांगितलं नाही. ती रिसीव्हर हातात धरून माझ्याकडे बघत राहिली, आणि आतून म्हातारीचा आवाज तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिला.