शंभरापैकी शहाण्णव

सासऱ्यांच्या डोळ्यांवर ते स्मरणशक्ती तपासायचं, आभासी चित्रं दाखवणारं जाडजूड यंत्र चढलं आणि मी मनात म्हटलं, या अल्ला, आज यांना काही आठवू नये. हो, म्हटलं! कोणाला काय वाटायचं ते वाटो.

गेल्या महिन्यात त्यांनी दोनदा गॅस उघडा ठेवला. एकदा बर्फात नुसत्या पायजम्यावर निघाले, ते थेट बाजाराच्या फाटकाशी सापडले. नवरा रशियात ट्रक चालवतो, मी शिवणकारखान्यात. नणंद बुरुलकान म्हणायची, "तुला सासरा जड झालाय. आजाराचा डॉक्टरी कागद दाखव, मग महिन्यातले पंधरा दिवस मी नेते." म्हणून रजा टाकून त्यांना राजधानीत, बिश्केकच्या दवाखान्यात आणलं. नणंदही आली, पहाऱ्याला.

"अताके, बाबा, समोर दुकान दिसतंय?" डॉक्टर म्हणाले. "आठ वस्तू सांगतो, शोधून टोपलीत घाला."

दुकान! हा माणूस एकोणतीस वर्षं सरकारी किराणा दुकानाचा मुख्य होता.

सासरे ताठ बसले. हवेत हात फिरू लागला. चहा, मीठ, काडेपेट्या, एकही वस्तू चुकली नाही. वर ओरडले, "साबणाशेजारी चहा कोणत्या गाढवाने ठेवला रे?" डॉक्टर हसले. पडद्यावर आकडा आला, शंभरापैकी शहाण्णव.

"ठणठणीत आहेत!" नणंद म्हणाली.

"डॉक्टर, घरातलं काहीतरी विचारा ना त्यांना," मी म्हटलं.

"ताई, यंत्रात दुकानच आहे."

यंत्र काढल्यावर सासऱ्यांनी माझ्याकडे बोट केलं. "या पोरीला सोडू नका. रोज पिशवीतून दुकानातली साखर नेते. झडती घ्या!"

आठ वर्षं या माणसाचं मी सगळं केलंय, सगळं!

"बापाला माणसं बरोबर कळतात," म्हणत नणंदेने माझी पिशवी ओढली. मग मीच ती टेबलावर उपडी केली. "घ्या झडती!" त्यांची कोरडी पँट, मोठ्या माणसांचे डायपर, गोळ्या, सोललेलं सफरचंद.

डॉक्टरांनी मान खाली घातली. "पुन्हा तपासू. चार महिन्यांनंतरची तारीख मिळेल."

नणंदेने तोवर शहाण्णव गुणांच्या निकालाच्या कागदाचा फोटो माझ्या नवऱ्याला पाठवलाही होता. माझा फोन वाजला. त्याने लिहिलं होतं, "अल्लाची कृपा! बेगिमाय, माझ्या बापाला वेडा ठरवताना लाज नाही वाटली?"