बाबांची रेघ

मित्रांनो, जबलपूरच्या विजय नगरात एका कपाटावर धूळ खात पडलेली मी जुनी लिहायची पाटी आहे. मी संगणकाला जोडलेली पाटी. माझ्या काचेवर सोबतच्या पेनाने लिहावं आणि मी ते वाचून छापील अक्षरांत दाखवावं, एवढंच माझं काम.

कारखान्यातून निवृत्त झालेल्या शालिग्रामबाबांना अर्धांगवायू झाला आणि त्यांची वाचा गेली. उजवा हात तेवढा चाले, तोही थरथरत. कागदावरचं ते अक्षर घरात कुणाला लागेना. म्हणून त्यांच्या मुलाने, श्रीरंगने, मला आणलं.

सुरुवातीला माझी फजितीच झाली. बाबा जुन्या वळणाचे. आधी सगळी ओळ लिहायची, मग तिच्या माथ्यावर एका दमात लांबलचक रेघ ओढायची. हात थरथरे, रेघ घसरून अक्षरांवरून जाई. आणि मला शिकवलेलं असं, की अक्षरांवरून रेघ आली की लिहिलेलं खोडायचं. मी इमानेइतबारे खोडून टाकी! बाबा कपाळाला हात लावत. पण त्यांनी चिकाटी सोडली नाही. माझ्या चुका सुधारून सुधारून महिनाभरात त्यांनी मला आपली रेघ ओळखायला शिकवलं.

मग काय विचारता! ‘वरणात मीठ नाही’ असं मी दाखवलं, तेव्हा सूनबाई प्रतिमा हसून म्हणाली, “घ्या, बाबा बोलून राहिले आता.” नात विनीताही माझ्याकडे बघत आजोबांशी गप्पा मारी. सगळे माझं कौतुक करत. बाबांच्या हाताकडे मात्र कुणी पाहीनासं झालं.

पुढे मी संथ चालू लागले. श्रीरंग म्हणाला, “काहून अटकून राहिली ही? चलो, पूरी साफ करून टाकतो.” त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण माझ्या आठवणीतल्या केरकचऱ्याबरोबर मी शिकलेलं बाबांचं अक्षरही गेलं, आणि मी पुन्हा कोरी झाले.

त्या दुपारी बाबांनी लिहिलं, रेघ ओढली. मी खोडलं. त्यांनी पुन्हा लिहिलं, मी पुन्हा खोडलं.

“आजोबा, फिर से लिहा ना. काहीच नाही आलं,” विनीता म्हणाली.

त्यांनी कागद मागितला. त्यावरचंही कुणाला लागलं नाही.

“बाबा, थोडं साफ लिहा न,” श्रीरंग म्हणाला.

बाबांनी पेन खाली ठेवलं. मला पुन्हा शिकवायला महिना हवा होता, आणि बाबांकडे तेवढे दिवस उरले नव्हते. त्यांना काय सांगायचं होतं, ते घराला कळलं नाही आणि मलाही नाही. त्याची हळहळ अजून जात नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी म्हणायचं असतं, की आम्हाला जपा. ते राहू द्या. घरातल्या थकल्या माणसाजवळ बसा आणि त्याचं अक्षर स्वतः वाचायला शिका. मी वाचत होते, म्हणून या घरात ते कुणी शिकलंच नाही.