मागच्या दाराची लाल खूण

गुरुनाथांनी कोटाच्या खिशातली वही चाचपली आणि ते दूतावासाच्या जिन्यावर घोळक्याच्या शेवटी उभे राहिले.

वॉशिंग्टनमधले बरेच दूतावास वर्षातून एक दिवस सगळ्यांसाठी उघडतात. या दूतावासात त्यांच्या बायकोने, रत्नाने, सव्वीस वर्षं स्वागतकक्षात काढली. इमारत कुणी बांधली, कुणाला विकली, दिवाणखान्याचं लाकूड कुठून आलं, हे सगळं तिने जेवणाच्या सुट्टीत जुने कागद चाळून वहीत उतरवलं. ती केमोला जात असताना तिथलाच तरुण सहकारी प्रताप वही घेऊन गेला. "काकू, मी टाइप करून देतो." वही परत आली. पुस्तक आलं ते प्रतापच्या नावाने. रत्नाने ते उशाशी ठेवलं, उघडलं नाही. फेब्रुवारीत ती गेली.

आज सगळ्यांसमोर वही उघडायची, एवढंच ठरवून गुरुनाथ आले होते.

लोकांना इमारत दाखवायला बाहेर आलेला प्रताप त्यांना पाहून चपापला.

"अरे काका! फोन करायचा ना, पिक-अप केलं असतं."

"रस्ता माहितीये मला. तुझा इतिहास ऐकायला आलोय."

प्रताप खोल्या दाखवत गेला. वाक्यं रत्नाचीच होती. शेवटी तो मागच्या दारापाशी थांबला. दगडी चौकटीवर बोटाएवढा लाल ठसा होता. मूळ गवंड्याची खूण, शंभर वर्षांपूर्वीची, असं त्याने लोकांना सांगितलं. मग हळूच गुरुनाथांकडे वळला.

"हे मात्र काकूंच्या वहीत नव्हतं हं. माझा स्वतःचा रिसर्च."

नव्हतंच. स्वतःबद्दल ती कशाला लिहील? दर दसऱ्याला रत्ना आपल्या कॉम्प्युटरला झेंडूचं फूल वाहायची आणि या चौकटीला तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट लावायची. पुढच्या दाराला साहेबांनी लावू दिलं नसतं. टाचा उंचावून कुंकू लावतानाचा तिचा फोटो गुरुनाथांनी आज घरून वहीत ठेवून आणला होता.

गुरुनाथांनी वही अर्धी बाहेर काढली.

"ऑक्टोबरमध्ये इथे पितळी पाटी लागतेय, काका. माझ्या नावाची. ठशावर काच बसवणार, कुणी हात लावू नये म्हणून. राजदूत स्वतः येतायत, प्रेसवाले पण."

वही पुन्हा खिशात गेली.

"नाव खोल कोरून घे," गुरुनाथ म्हणाले. "पुसलं जायला नको."

"तुम्ही याल ना?"

"येणार तर. दसऱ्याचा दिवस बघ, चांगला असतो."

घोळका पुढे गेला. काच बसायला अजून अवकाश होता. गुरुनाथांनी ठशावर बोट ठेवलं. ते ठशाच्या चारी बाजूंनी थोडं बाहेर येत होतं.