हे हलवू नका

ऑफिसात माझं नाव ‘चौकशी खिडकी’ पडलं आहे. मला प्रश्न पडतात आणि उत्तर मिळेपर्यंत मी कोणाचा पिच्छा सोडत नाही, एवढाच माझा गुन्हा.

आमच्या कार्यालयाच्या पाच वेबसाइट आहेत: जन्मनोंदणी, पाणीजोडणी, वाचनालय, तक्रारी आणि सभागृहाचं आरक्षण. पाचही एकट्या मास्तरांनी बांधल्या. मास्तर म्हणजे माझ्याआधीचे प्रोग्रामर. आता निवृत्त होऊन टोमॅटो लावतात. त्यांची पद्धत सरळ होती. पहिल्या वेबसाइटच्या पानांचे साचे, म्हणजे वरची पट्टी, खालची पट्टी, फॉर्म, बटणं, सगळं उचलायचं आणि पुढच्या वेबसाइटमध्ये चिकटवायचं. मग कार्यालयाचा फोन नंबर बदलला की पाच ठिकाणी बदलत बसा. मागच्या वेळी वाचनालयातला राहून गेला आणि महिनाभर पुस्तकं मागणारे लोक एका दंतवैद्याला फोन करत होते. शेवटी दंतवैद्याने साहेबांना फोन केला आणि साहेबांनी मला बोलावलं.

साहेबांचं म्हणणं असं की साचे एकाच जागी ठेवा आणि पाचही वेबसाइटना तिथूनच घेऊ द्या. शुक्रवारी दाखवा, आणि एकही अपवाद नको. काम माझ्या आवडीचं होतं. माझी आई कपडे शिवते, तिच्याकडे कागदी कटिंगचा गठ्ठा आहे. कागद एकच, बाही लांब की आखूड ते गिऱ्हाइकानं सांगायचं. इथेही तसंच. सांगाडा सामाईक, मधे रिकाम्या जागा, आणि कोणी पान मागितलं की सर्व्हर त्या जागांत ज्या त्या खात्याचा मजकूर भरून पान पाठवणार. चार वेबसाइट तीन दिवसांत मार्गी लागल्या.

पाचवी जन्मनोंदणीची. तिचे साचे उघडले आणि मी खुर्ची पुढे ओढली. अक्षरं दुप्पट मोठी, तीही काळ्यावर पिवळी. ‘जतन करा’ हे बटण बाकी सगळीकडे खाली उजवीकडे, इथे मात्र वर डाव्या कोपऱ्यात. आणि या सगळ्याच्या डोक्यावर मास्तरांनी लिहून ठेवलेली टीप: ‘हे हलवू नका. का ते विचारू नका.’

मला असं सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. मी लगेच मास्तरांना फोन लावला. ते म्हणाले, टोमॅटोवर कीड पडली आहे. मी पुन्हा विचारलं, तर म्हणाले, कीड फार चिवट आहे. मला राग आला. म्हाताऱ्याचा हट्ट, दुसरं काय, असं म्हणून मी मंगळवारी सकाळी जन्मनोंदणीला सामाईक साचा जोडून टाकला आणि काय होतं ते बघायला लॅपटॉप घेऊन थेट नोंदणी कक्षात जाऊन बसले.

तिथे खिडकीवर नोंदणीच्या बाई बसतात. त्यांचं काम चोख, अशी ख्याती. अकरा वर्षांत त्यांच्या तीनच नोंदी दुरुस्त कराव्या लागल्या, त्याही अगदी सुरुवातीच्या, हे मी आधीच शोधून ठेवलं होतं. खिडकीत एक नवा बाप उभा होता, हातात दवाखान्याचा कागद. बाईंनी पान उघडलं आणि त्यांची बोटं कीबोर्डवर तशीच थांबली. त्यांनी मान उजवीकडे कलती केली, मग डावीकडे, भिंतीआडून कोणाला बघावं तशी. मग वळून त्या माणसाला शांतपणे म्हणाल्या, “सर्व्हर बंद आहे. दुपारी या.”

सर्व्हर चालू होता. मी बसले होते तिथून पान लख्ख दिसत होतं. कर्सर पहिल्या चौकटीत लुकलुकत होता.

प्रश्न न विचारता मी जुना साचा परत लावला, जिन्यात जाऊन त्या बापाला गाठलं आणि सर्व्हर आला म्हणून सांगितलं. चार मिनिटांत त्याच्या मुलीची नोंद झाली.

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी मला समोर बसवलं.

“तूच ना ती चौकशी खिडकी? मग विचार की.”

मी विचारलं.

“मला मधलं दिसत नाही,” बाई म्हणाल्या. “कडेचं दिसतं. तुझ्याकडे सरळ बघते तेव्हा तुझे कान असतात, चेहरा नसतो.”

चार वर्षांपूर्वी हे सुरू झालं, तेव्हा मास्तरांनी शेजारी बसून, बाईंना विचारत विचारत ते पान बनवलं होतं. बाईंच्या निवृत्तीला आता दोनच वर्षं उरली होती. साहेबांना कळलं तर ते दप्तरखान्यात स्टुलावर नेऊन बसवतील, ही त्यांची धास्ती. प्रत्येक नोंद त्या दोनदा वाचतात. “चूक निघाली तर मी आपणहून उठेन गं,” त्या म्हणाल्या. “पण ती निघायच्या आधी का उठू?”

मला स्वतःची लाज वाटली. आणि शुक्रवार तर डोक्यावर आलेला. अपवाद ठेवला तर साहेब कारण विचारणार, आणि खोटं बोलताना माझा चेहरा माझं ऐकत नाही.

घरी आई बारा फ्रॉक शिवत होती, गाणाऱ्या मुलींच्या चमूचे. बाराही फ्रॉकना खिसे. खिसे कशाला, मी विचारलंच. त्यांच्यातल्या एकीला औषध जवळ ठेवावं लागतं, आई म्हणाली. मग एकीलाच का नाही लावला?

“एकीलाच लावला तर बाकीच्या अकराजणी विचारतील ना,” आई मशीनवरून मान वर न करता म्हणाली. “आणि खिसा कोणाला नको असतो?”

मी जेवायचं सोडून लॅपटॉप उघडला. सामाईक सांगाड्यात, वर डाव्या कोपऱ्यात एक बटण घातलं: ‘मोठी अक्षरं’. ते दाबलं की पाचही वेबसाइटचं कुठलंही पान बाईंच्या पानासारखं होणार.

शुक्रवारी साहेबांनी विचारलं, हे काय. ज्याला हवं त्याच्यासाठी, मी म्हणाले, आणि ते खरंच होतं. साहेब एरवी कागद हात लांब करून वाचतात. त्यांनी बटण दाबलं, खुर्चीत मागे टेकले आणि तक्रारींचं पान शेवटपर्यंत वाचलं. मग अपवाद किती, म्हणून विचारलं. एकही नाही, मी म्हणाले. बटण त्यांनी तसंच दाबलेलं ठेवलं.

मास्तरांची टीप मी खोडली आणि त्यांना फोन करून सांगितलं. कीड गेली, असं म्हणाले.

आठवड्यानं मी नोंदणी कक्षात गेले. ते बटण आणखी कोणी दाबतं का, बाईंनी विचारलं. मी फक्त आकडा मोजत होते, नावं मुद्दाम ठेवली नव्हती. दोनशे चौदा जणांनी दाबलं, मी सांगितलं.

बाईंनी आवाज खाली आणला.

“त्यात मी कोणती, ते कळतं?”

“नाही.”

त्यांनी नजर माझ्या कानावर नेली, म्हणजे चेहरा दिसावा. मला नीट बघून घेतलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.