मनगटाची बांधणी

तातेरावांचे पुत्र भुजंगराव, म्हणजे माझे यजमान, भुजंगरावांचे सर्जेराव, आणि सर्जेरावांचा धर्मराज. यजमान, मुलगा आणि नातू, या तिन्ही पिढ्यांच्या काळात आमच्या घरी माझा शब्द कुणी मोडला नाही. म्हणूनच हे लिहिणे मला भाग आहे.

१९९४ च्या मार्चमध्ये परतूरच्या मैदानावर अंतिम सामना होता. धर्मराज आमच्या गावचा फिरकी गोलंदाज. सरावाने त्याचे मनगट सुजले होते. जालन्याच्या दुकानदाराने तीन मनगटपट्टे पुढे मांडले.

"आजी, गोलंदाजाला कापडी लवचिकच न्या. मनगट वळलं पाहिजे, अन् पट्ट्याखाली बोट सहज गेलं पाहिजे. पोलादी पट्टीचा आरामापुरता असतो. तो बांधून खेळत नसतात."

मी पोलादी पट्टीचाच घेतला. हलकी वस्तू आमच्या घरात येत नाही. सामन्याच्या सकाळी मीच तो बांधला, दोन्ही बक्कले शेवटच्या छिद्रापर्यंत ओढून.

पहिल्या षटकात चेंडू वळलाच नाही.

"काय रे, शाळेची फूटपट्टी बांधून आला का?" प्रतिपक्षातून कुणीतरी ओरडले.

त्याच्या दुसऱ्या षटकात चेंडू हातातून निसटून फलंदाजाच्या डोक्यावरून गेला. धर्मराज बोटे झटकत सीमारेषेपाशी आला.

माझ्या शेजारी कडूबा, आमचा एकेकाळचा गडी, बसला होता. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या कडबाकुट्टीच्या यंत्रात त्याचा हात सापडला, तेव्हा बांबूच्या कामट्या लावून मीच तो आवळून बांधला होता. चौथ्या दिवशी जालन्याला तो कोपरापासून कापावा लागला.

"काकी, पोराची नखं बघा. निळी पडून राह्यली."

"खेळू दे त्याला. तुला काय कळतं त्यातलं?"

"मला न्हाई कळणार तं कुणाला?" रिकामी बाही उचलून तो हसला. "एवढ्या एकाच विषयात मी पास झालो."

मी धर्मराजाची बोटे हातात घेतली. भर उन्हात ती गार होती. चिमटा काढला, त्याला कळला नाही. बक्कलाकडे हात नेताच त्याने मनगट मागे ओढले.

"आजी, सोडू नका! तुम्हीच सांगत आल्या ना? कडूबाकाकांनी दारू पिऊन कामट्या ढिल्या केल्या, म्हणून हात गेला."

 बावीस वर्षे कडूबा हे ऐकत होता. या एका गोष्टीपायी त्याला कुणी राखणीलाही ठेवले नव्हते.

"चल रे, बॉल टाक," पंचांनी हाक मारली. धर्मराज वळला. त्याच्या बोटांचा रंग आता पिकल्या जांभळासारखा होता.

मी उठून उभी राहिले.

"धर्मराज, थांब! ती गोष्ट खोटी आहे. कडूबाने एक गाठही सोडली नव्हती. सोडा, सोडा म्हणून तो तीन दिवस रडत होता. हात मी घालवला, आणि दारूचे नाव मी लावले."

 धर्मराजाने हात पुढे केला. बक्कले पट्ट्याच्या चामड्यात रुतली होती. कडूबाने एका हाताने पट्टा ताणून धरला, मी ती सोडवली. रक्त परतताच धर्मराज किंचाळला.

"ओरडू द्या, काकी," कडूबा म्हणाला. "दुखून राह्यलं म्हंजे जिवंत हाय."

कडूबाचा गेलेला हात परत करणे माझ्या हाती नव्हते. ते देणे मी कधी मानलेही नव्हते. त्याचे निर्मळ नाव मात्र मी बावीस वर्षे अडवून ठेवले होते. त्या दुपारी, साऱ्या परतूरसमोर, ते मी त्याला पुरते परत केले.