कुलूपवाल्याचं दार

आमचे हे गावभरची कुलपं दुरुस्त करतात, आणि आमच्याच दाराला नुसती कडी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गावातल्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली तेव्हा मागच्या दाराचं कुलूप तोडायला यांनाच बोलावलं होतं. दार बाहेरून बंद होतं. आत शिवणकाम करणाऱ्या दोघी जणी जळून गेल्या. मालक म्हणतो, दार उघडंच होतं. उद्या कोर्टात यांची साक्ष आहे. ते कुलूप पाहिलेलं दुसरं कुणी तोंड उघडायला तयार नाही.

मालकाचा माणूस, सगळे त्याला बोका म्हणतात, समोरच्या फुटपाथवर ठाण मांडून असतो. मागच्या आठवड्यात आमच्या दुकानाची काच फुटली. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी कपड्यांची लोखंडी पेटी ओढून दाराला लावते आणि सकाळी परत ओढते. कंबरेचा पार भुगा झालाय.

"अहो, एक चांगलं कुलूप बसवा की."

"मला उघडता आलं नाही असं कुलूप अजून बघितलं नाही मी. त्याच्या भरवशावर काय झोपायचं? देव तारी त्याला कोण मारी."

"मग त्या दोघींना का नाही तारलं?"

यांनी हातातली कानस पुसून ठेवली. "माहीत नाही," म्हणाले. "पण त्यांच्यासाठी बोलायला मला ठेवलंय, एवढं कळतं."

मला रागच आला. देवाला नेमकं आमचंच घर सापडलं.

आज दुपारी बोका थेट दारात. "या, बसा," हे म्हणाले. तो बसला नाही. खालच्या आवाजात म्हणाला, "मालकांच्या बंगल्याला कुलपं बसवायची आहेत. सगळ्या दारांना. त्या बायकांचे भाऊ येतील असं वाटतं त्यांना. झोप उडालीय. तुमच्याइतकं पक्कं काम कुणाचं नाही म्हणतात."

यांनी चष्मा काढला. "देतो की बसवून. उद्या साक्ष झाली की येतो."

बोका आमच्या कडीकडे बघत राहिला. "तुमच्या दाराला कुलूप नाही?"

"नाही."

तो गेला, आणि पुन्हा समोरच जाऊन बसला.

संध्याकाळी मी पेटीला हात घातला आणि सोडून दिला.

"आज पेटी नाही?" यांनी विचारलं.

"राहू दे तिथंच." उद्यासाठी यांचा सदरा इस्त्रीला काढला, आणि त्याच्याखाली माझेही बाहेर जायचे कपडे. विश्वास बसला, का कंबरेनं हात टेकले, ते त्या वरच्यालाच ठाऊक.